गाडीवरून उतरल्यावर

तासगाव सोडून विट्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर एक चिंच होती. त्या चिंचेखाली मी किती वेळा गाडी लावली असेल, त्याला हिशेब नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत असेल, एमआर दिसतोय, फोन आला म्हणून थांबला असेल. मी थांबायचो कारण मला जांघेत काहीच जाणवत नसायचं. गाडीवरून उतरायचं, बॅग टाकीवर तशीच ठेवायची, दहा-वीस पावलं चालायचं. आधी मुंग्या यायच्या, मग बारीक टोचल्यासारखं व्हायचं, मग ऊब. सगळं जागच्या जागी आलंय अशी खात्री पटली की पुन्हा किक.

एकोणीस वर्षं मी औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. मुक्काम सांगली. एका दिवशी तासगाव-विटा, एका दिवशी आष्टा-इस्लामपूर, एका दिवशी कवठेमहांकाळ करून जत. रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर ठरलेले. लडाख आणि कोकणातल्या पहाटा यांच्याबद्दल गाडीवेडे लोक फार सुंदर लिहितात, मीही आवडीनं वाचतो. माझी गाडी त्या जातीची नव्हती. मागे सॅम्पलचा खोका, खोचलेला शर्ट, खिशात घडी करून ठेवलेला टाय. पण जीव होता तिच्यावर. मुलीच्या जन्माच्या रात्री पावसात तिनंच मला जतहून घरी आणलं. पुढे जे सांगणार आहे ते तिच्याविरुद्धचं गाऱ्हाणं नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

मुंग्यांचा त्रास सुरू झाला तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. असं होतं ते कुणाकडून तरी ऐकावं म्हणून मी बरोबरच्या एमआर मंडळींसमोर एकदा चहाच्या गाड्यावर विषय काढून पाहिला. "बसून बसून बूड दुखतं राव," एवढंच म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. बूड दुखण्याबद्दल बोलता येतं. बधीर काय होतं, ते कुणी बोललं नाही. मीही नाही.

खरं तर माणसानं बसायचं असतं ते दोन हाडांवर. कठीण पाटावर मांडी घालून पुढे-मागे झुललं की ती दोन टोकं आपल्याला नीट कळतात. त्या दोन हाडांच्या मधे, वृषणांच्या मागे आणि गुदद्वाराच्या पुढे, एक मऊ जागा आहे. सिद्धासनात टाच टेकवायला सांगतात ती. लिंगाकडे जाणारी मुख्य नस आणि रक्तवाहिन्या याच भागातून जातात. नसेचं नाव प्युडेंडल. पाठीच्या कण्याच्या तळाला जे त्रिकोणी हाड असतं, तिथून निघालेल्या तीन मज्जामुळांची ती बनते आणि बैठकीच्या हाडाच्या आतल्या अंगानं एका चिंचोळ्या बोगद्यातून पुढे येते. बेंजामिन आल्कॉक नावाच्या आयरिश शरीररचनातज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकात त्या बोगद्याचं वर्णन केलं, म्हणून आजही तो त्यांच्या नावानं ओळखला जातो. हाडांनी उचलायचं वजन या मऊ जागेवर आलं की नस चेपते, रक्त कमी पोचतं आणि भाग बधीर होतो. पायावर पाय टाकून बसल्यावर पाय झोपतो, तसंच.

माझ्या गाडीची सीट जुनी होती. रेक्झिन गुळगुळीत झालेलं, फोम बसलेला, आणि उतार टाकीकडे. प्रत्येक ब्रेकला मी पुढे घसरायचो, प्रत्येक खड्ड्याला टाकीवर आदळायचो. वर चुलत भावाच्या सांगण्यावरून मी त्यावर एक जाड मऊ गादी चढवली होती. तिनं त्रास वाढला. मऊ गादीत हाडं रुततात, आणि हाडं रुतली की मधला भाग वर येऊन सगळा भार घेतो. हे मला पुढे सीटचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलं. बोटांनी फोम दाबून दाखवत ते म्हणाले, "साहेब, घरच्या सोफ्यासारखी सीट लांबच्या रस्त्याला चालत नाही. ह्याला कडक फोम पाहिजे, आणि सपाट पाहिजे."

या गोष्टीची पद्धतशीर पाहणी झाली ती आधी सायकलवाल्यांवर. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणारे पोलीस असतात. दिवसभर सायकलच्या टोकदार खोगिरावर बसून त्यांना बधिरपणा येतो, म्हणून तिथल्या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेनं त्यांना पुढचं टोकच नसलेली खोगिरं सहा महिने वापरायला दिली. ९० पोलीस होते. सुरुवातीला त्यातल्या २७ टक्क्यांनाच बधिरपणाची तक्रार नव्हती. सहा महिन्यांनी तक्रार नसलेले झाले ८२ टक्के. हा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. मला त्यातली एक गोष्ट फार भिडली. पोलिसांसारख्या माणसांना कुणीतरी कामाचा भाग म्हणून हा प्रश्न विचारला, आणि त्यांनी उत्तर दिलं. आमच्या कंपनीच्या दर महिन्याच्या मीटिंगमध्ये पेट्रोलच्या भत्त्यावर तास-तास चर्चा व्हायची. ती गाडी चालवणाऱ्या देहाबद्दल एकदाही झाली नाही.

मोटरसायकलची सीट सायकलपेक्षा रुंद, त्यामुळे तेवढा टोकदार दाब नाही. पण तिथे दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे थरथर. इंजिनाची सूक्ष्म थरथर, त्यात आपल्या रस्त्यांचे हादरे, आणि हे सगळं तास-तास. २०२१ मध्ये ॲपल कंपनीनं लोकांना सांगितलं की आयफोन मोटरसायकलच्या हॅण्डलला थेट लावू नका, इंजिनाच्या थरथरीनं कॅमेऱ्यातली नाजूक यंत्रणा खराब होऊ शकते. ती बातमी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. जपानमधल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी मोटरसायकलस्वारांच्या पाहण्या केल्या आहेत, आणि त्यांत ताठरतेच्या तक्रारी गाडी न चालवणाऱ्यांपेक्षा जास्त आढळल्या.

ताठरता. शब्द आला आहे, तर आता तिकडेच वळतो.

चाळिशी ओलांडली आणि आमच्या खोलीतलं काहीतरी बदललं. आधी कधीतरी, मग बऱ्याचदा, मग मी प्रयत्नच करेनासा झालो. रात्री उशिरापर्यंत रिपोर्ट लिहीत बसायचो. बायको झोपली की हळूच जाऊन कडेला आडवा व्हायचो. मनात कारण तयार होतं. गाडी. दिवसभर तिथे बधीर होतं, मग रात्री कसं होणार? हे कारण मला पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. कारण ते माझ्या बाहेरचं होतं. पोटासाठी राबताना लागलेली झीज म्हटली की लाज थोडी कमी होते.

मग मी सीट बदलली. मिस्त्रींनी फोम पुन्हा कापला, उतार काढला, मधे उभी खाच ठेवली, वर खरखरीत कव्हर चढवलं. हॅण्डल थोडं वर आणि मागे घेतलं, म्हणजे पुढे वाकून बसावं लागेना आणि भार मागे हाडांवर आला. मागच्या खिशातलं पाकीट बॅगेत गेलं. खड्डा दिसला की फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठायची सवय लावली. पाऊण तासाला एकदा उतरायचंच असं ठरवलं. पाणी प्यायला लागलो, कारण लघवीला जागा मिळत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं हाही आमच्या धंद्यातला एक रोगच आहे. दीड महिन्यात मुंग्या जवळपास गेल्या. चिंचेखाली थांबायचं कारण उरलं नाही.

रात्री मात्र तशाच राहिल्या.

माझ्याजवळचं एकमेव कारण असं हातातून सुटलं, आणि मी घाबरलो. घाबरून काय केलं, तर बॅगेतल्या सॅम्पलमधली गोळी घेतली. सिल्डेनाफिल. मुळात छातीत दुखण्यावर उपाय म्हणून तपासलं जात असलेलं हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत ताठरतेसाठी मंजूर झालं, तिच्या नावावर मी महिन्याचं टार्गेट पुरं करत होतो, आणि ती कुणी घेऊ नये हे रोज डॉक्टरांसमोर पाठ म्हणत होतो. हृदयासाठी नायट्रेट गटाची औषधं, म्हणजे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट वगैरे, चालू असतील तर ही गोळी घेतल्यावर रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. मला तसली औषधं चालू नव्हती. पण माझं हृदय कसं आहे, रक्त कसं आहे, हे मी तरी कुठे पाहिलं होतं? खेड्यापाड्यांतल्या दुकानांतून ही गोळी चिठ्ठीशिवाय मागणारे हात मी डोळ्यांनी पाहिले आहेत. बहुतेक जण नाव घेत नाहीत, बोटानं दाखवतात.

गोळीनं दोनदा काम केलं, तिसऱ्यांदा केलं नाही. त्या रात्री बायकोनं दिवा लावला.

"अहो, एक विचारते. रागावणार नाही ना?"

"विचार."

"माझं काही चुकतंय का?"

मी काही बोललो नाही. तीच बोलत राहिली. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती जाड झाली म्हणून असेल का. माझं बाहेर कुठे काही असेल का. ती दोन वर्षं हे मनात घेऊन स्वयंपाक करत होती, मुलांचे डबे भरत होती, माझ्या शर्टांना इस्त्री करत होती. मी स्वतःला समजावायला गाडी शोधली होती. तिला शोधायला कोणीच नव्हतं, म्हणून तिनं सगळं स्वतःवर घेतलं. मी तिला चिंचेपासून सगळं सांगितलं. बधिरपणा, सीट, गोळी. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "एवढ्या डॉक्टरांना रोज भेटता, एकालाही विचारता नाही आलं?"

मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं, तेव्हापासून ते डॉक्टरांचं गाव आहे. कर्नाटकातून माणसं तिथे येतात. आणि तिथल्या बहुतेक डॉक्टरांच्या खोलीबाहेर मी बसलेलो, त्यांच्या कंपाउंडरच्या मुलांची नावं मला पाठ. म्हणूनच मी मिरजेला गेलो नाही. पन्नास किलोमीटरवर कोल्हापूरला, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो. बॅग घरी ठेवली. बॅगेशिवाय डॉक्टरांच्या बाकावर बसायची ती पहिली वेळ. हात कुठे ठेवायचे ते कळेना.

डॉक्टर पन्नाशीचे होते, शांत. पहिल्यांदा बधिरपणाबद्दल विचारलं. "गाडीवरून उतरल्यावर किती वेळ राहायचं? पाच मिनिटांत जायचं की घरी गेल्यावरही?" उतरल्यावर जात असेल तर बहुधा दाबाचं आहे, टिकून राहत असेल, बसल्यावर जळजळ आणि दुखणं वाढत असेल, किंवा लघवी-संडासचा ताबा बिघडत असेल, तर नसेची आणि कण्याची नीट तपासणी लागते. मग विचारलं, "पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते?" निरोगी पुरुषाला रात्री झोपेत तीन ते पाच वेळा अशी ताठरता येते, त्याच्या इच्छेचा तिथे संबंध नसतो. ती येत असेल तर यंत्रणा ठीक आहे, गाठ मनात आहे. माझी केव्हा बंद झाली हे मला आठवेना. त्यांनी पाच प्रश्नांचा एक कागद दिला. पंचवीसपैकी गुण मिळतात, बावीस किंवा जास्त म्हणजे ठीक. मला तेरा पडले.

"रक्त कधी तपासलंय?"

उपाशीपोटी साखर १७८ निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.४, साडेसहापासून पुढे मधुमेह धरतात. बापाला मधुमेह होता. मी स्वतः मधुमेहाच्या गोळ्या विकत होतो.

डॉक्टरांनी कागदावर दोन वर्तुळं काढली. लिंगातल्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. साखर, रक्तदाब, तंबाखू यांनी सगळ्याच वाहिन्या आतून खराब होतात, पण बारीक वाहिनी आधी तुंबते. त्यामुळे ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयाच्या तक्रारीआधी काही वर्षं येते. "तुम्ही दोन वर्षं जे लपवलंत, ते शरीरानं तुम्हाला आधी कळवलं होतं," ते म्हणाले. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सच्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास आढळला होता. हा आकडा माझ्या बॅगेतल्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर होता. मी तो शेकडो वेळा म्हटला होता. त्या बावन्नात मी आहे, असं माझ्या मनाला कधी शिवलंच नाही.

कोल्हापूरहून परतताना मला दोन माणसं आठवत होती.

एक आमच्याच धंद्यातला, दुसऱ्या कंपनीचा. उसाच्या हंगामात रात्री जतच्या रस्त्यावर, मागे दिवा नाही की लाल पट्टी नाही अशा ट्रॉलीवर तो आदळला. समोरून धडक बसली की स्वार पुढे फेकला जातो आणि जांघ टाकीवर आपटते. त्याचं डोकं हेल्मेटमुळे वाचलं, गुडघा फुटला, गुडघ्याला टाके पडले. खाली सूज होती ती त्यानं कुणाला दाखवली नाही. वॉर्डात नर्स होत्या, आई जवळ बसलेली. पाचव्या दिवशी वेदना सहन होईना तेव्हा सोनोग्राफी झाली. वृषणाचं आवरण फाटलं होतं. पहिल्या तीन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक वेळा ते वाचवता येतं. त्याचं काढावं लागलं. एका वृषणावर माणसाचं पुरुषपण आणि बाप होणं सहसा अडत नाही. त्याला पुढे मुलगी झाली. पण ते पाच दिवस आठवले की मला अजून राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

दुसरा शाळेपासूनचा मित्र. लग्नाला चार वर्षं, मूल नाही. बायकोच्या तपासण्या, नवस, पुन्हा तपासण्या. चार वर्षांत याची एकही नाही. शेवटी वीर्य तपासलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा. याचे फार कमी. डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या नीला फुगलेल्या. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना असतं, आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत बरंच जास्त. वृषणं शरीराबाहेर लोंबती आहेत ती त्यांना दोन-चार अंश थंड राहता यावं म्हणूनच. फुगलेल्या नीलांनी तिथे उष्णता साठते, आणि हा वर दिवसभर घट्ट जीन्समध्ये तापलेल्या टाकीला चिकटून गाडीवर. शस्त्रक्रिया झाली, कपडे सैल झाले, गाडी कमी झाली. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून फरक दिसायला तीन महिने थांबावं लागतं, हे त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. तो दर आठवड्याला विचारायचा.

सांगली-मिरज मार्गावरच्या भिंतींवर तेव्हा चुन्यानं रंगवलेल्या जाहिराती असायच्या. गुप्तरोग, धातू जाणे, शर्तिया इलाज. लैंगिक ताकद वाढवून देण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी त्या भिंतींना गिऱ्हाईक मिळत होतं, कारण तिथे 'गुप्त' हा शब्द होता. आणि हे त्या भाषेत, जिच्यात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. मासिक थांबलं नाही. मराठीत लिंग, वृषण, वीर्य हे शब्द अवघडल्याशिवाय लिहिता येतात हे त्यांनी दाखवून दिलेलं असताना मी औषधाच्या दुकानात बोट दाखवणाऱ्यांच्यात होतो.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात. साखर ताब्यात आली, नऊ किलो वजन उतरलं, तंबाखू सुटली. डॉक्टरांनी हृदय तपासून मगच गोळी लिहून दिली, आणि ती लागते तेव्हा घेतो. पहिल्यासारखं सगळं झालं असं म्हणणार नाही. पण आता रात्री दिवा कुणी लावला तर मी तोंड फिरवत नाही. आम्ही बोलतो. कधीकधी नुसतंच बोलतो, आणि तेही छान असतं.

नोकरी सोडली, गाडी ठेवली. मिस्त्रींची ती सीट अजून आहे, कव्हर तेवढं दोनदा बदललं.

भाचा पुण्यात पार्सलं पोचवतो. दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर, पाठीवर मोठी पिशवी. परवा रात्री अकराला त्याचा फोन आला. एरवी तो मामीशी बोलतो. या वेळी म्हणाला, "मामा, तुम्ही एकटे आहात का?"

मी बाहेर ओट्यावर आलो.

"एक विचारायचं होतं. म्हणजे तसं काही नाही. गाडी चालवून चालवून ते…" आणि थांबला. मागून त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

मी त्याला वाक्य पुरं करायला लावलं नाही.

"बधीर होतं ना?" मी म्हणालो. "लिंग, आणि मागची जागा?"

बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, "हो."

"बरं. आता मला सांग, गाडीवरून उतरल्यावर किती वेळ राहतं?"